अडीच दुणे पाच नव्हे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवरची रंगीत चौकट पाहिली. दिसायला देखणी आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण ‘प्रोमेथियमचे अर्धायुष्य अडीच वर्षे, म्हणजे पाच वर्षांत ते पूर्ण नष्ट होते’ हे काय छापलेत? अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी द्रव्यातले निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ. मी अठ्ठावीस वर्षे विज्ञान शिकवले. हेच उत्तर लिहून मार्क घालवलेली पोरे बहुधा तुमच्याकडे नोकरीला लागली आहेत.

बोटीवर असलेल्या मामांनी 1974 साली वडिलांना जपानी घड्याळ आणून दिले होते. चावीचे. काट्यांना किरणोत्सारी प्रोमेथियम-147चा, अंधारात चमकणारा रंग. पंचवटीतल्या वाड्यात रात्री वीज गेली की मी ते गोधडीत घेऊन बसायचो. दोन हिरवट काटे आणि बाराजवळचे दोन ठिपके, एवढेच दिसायचे. तुमच्या हिशेबाने 1979 साली तिथे मिट्ट काळोख हवा होता. काटे मंद झाले होते खरे, पण डोळे सरावले की वेळ कळायची. कळणारच, पाव हिस्सा शिल्लक होता! दर अर्धायुष्याला उरलेल्यातले निम्मे जाते हो, मूळच्यातले नव्हे. 1984 पर्यंत शंभरातले जेमतेम सात अणू उरले, तेव्हा मात्र काही दिसेना. रविवार कारंजावरचा घड्याळजी म्हणाला, ‘‘भाऊ, चावी पूर्ण देत जा.’’ त्याला मी माफ केले. तो विज्ञानाचे पान काढत नव्हता.

बरे, ‘नष्ट’ तरी कुठे होते? त्याचे समेरियम-147 होते, म्हणजे शेजारचेच मृदा मूलद्रव्य. तेही किरणोत्सारी, अर्धायुष्य सुमारे 10,600 कोटी वर्षे. विश्वाचे वय 1380 कोटी. लावा आता दुपटीचा नियम!

आणि प्रोमेथियम ‘खाणीतून काढतात’ हा शोध कोणाचा? निसर्गात ते नावापुरतेच. 1945 साली अमेरिकेत ओक रिजला ते पहिल्यांदा हाती लागले, तेही अणुभट्टीतल्या युरेनियमच्या विखंडनातून. खुलासा छापाल ही अपेक्षा. चौकटीएवढाच मोठा छापा, कोपऱ्यात नको.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक

ता. क. : गेल्या आठवड्यात शनिवारी पाणी येणार नाही असे तुम्ही छापलेत. आले नाही ते शुक्रवारी. आमचे धुणे बादलीत भिजलेले होते.