गट-स्वाक्षरीतली माझी चूक दाखवून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात एम.एस्सी.चा प्रकल्प घेऊन मी परभणीहून नांदेडला आपल्याकडे आले, तेव्हा काम पुरे झाले अशीच माझी समजूत होती. वसतिगृहातल्या मुलींना नाव उघड न करता तक्रार करता यावी आणि तरीही ती तिथल्याच मुलीची आहे याची खात्री पटावी, म्हणून मी गट-स्वाक्षरी, म्हणजे गटातल्या कोणा एकाने केलेली पण नाव न सांगणारी डिजिटल सही, वापरली होती. चॉम आणि व्हॅन हेस्ट यांनी १९९१ साली मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक सदस्याची सही करण्याची खाजगी किल्ली (गुप्त संख्या) वेगळी असते, पडताळणीची सर्वांना खुली असलेली सार्वजनिक किल्ली मात्र साऱ्या गटाची एकच असते आणि सही कोणाची हे केवळ गटाच्या व्यवस्थापकाला उघडता येते.

तक्रारीचा मजकूर मी कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, केला होता, पण मूळ मजकुरावरची सही त्याच्या बाहेर उघडी जोडली होती. आपण एवढेच विचारलेत, की तक्रारी किती प्रकारच्या आहेत. पाणी, जेवण, वीज, सुरक्षितता आणि छळ अशी पाच ठरावीक वाक्ये होती. ती आपण गटाच्या सार्वजनिक किल्लीने एकेक करून त्या सहीशी ताडून पाहिलीत आणि पाचवे जुळले. कूट न फोडताच मजकूर बाहेर आला होता! छळाची तक्रार एकच असेल, तर नाव झाकून त्या मुलीचे कितीसे रक्षण होणार, हा आपला प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

सही मजकुरासोबतच कूटबद्ध करायची आणि ज्यांना तक्रार पाठवायची त्यांचे नावही सही होणाऱ्या मजकुरात घ्यायचे, म्हणजे घेणाऱ्याला तीच सही दुसऱ्याकडे त्याच्याच नावे आलेली म्हणून खपवता येत नाही, हे आपण दोन संध्याकाळी बसून समजावलेत. रिवेस्ट, शमीर आणि टॉमन यांच्या २००१ च्या वर्तुळ-स्वाक्षरीतही सही गटातल्या कोणाची तरी आहे एवढेच कळते, पण तिच्यात व्यवस्थापकच नसतो, म्हणून सही कोणाची हे कोणालाच उघडता येत नाही. परंतु खोट्या तक्रारीचा माग घेण्याची सोय हवी म्हणून आपल्या सल्ल्याने मी गट-स्वाक्षरीच ठेवली आणि सही उघडण्याची व्यवस्थापकाची किल्ली दोन जणींत विभागली.

असे प्रकल्प करणाऱ्या मराठवाड्यातल्या इतर विद्यार्थ्यांनाही ही चूक कळावी, म्हणून हे आभार जाहीरपणे मानते आहे. दुरुस्त केलेली प्रत आपल्याकडे पाठवली आहे. ती पाचही वाक्ये पुन्हा एकदा ताडून पाहावीत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी, परभणी