‘अंदाज फसला’ हे ठरवले कोणी?

महोदय,

‘हवामान खात्याचा अंदाज पुन्हा फसला, मराठवाडा कोरडाच’ हा कालच्या अंकातील पहिल्या पानावरचा मथळा वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. त्याच अंकात आतल्या पानावर, टँकरच्या बातमीखाली, चार ओळींची एक बातमी आहे. मराठवाड्यातल्याच एका गावात आदल्या दिवशी वीज पडून बैल दगावले. वादळ झालेच नाही, तर ही वीज आली कुठून? दोन्ही बातम्या आपल्याच कचेरीतून गेल्या. त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात असे एकालाही वाटू नये, याचे फार वाईट वाटले.

खात्याचा त्या दिवसाचा इशारा मी मुद्दाम पुन्हा काढून वाचला. तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या विभागातली फार तर २५ टक्के केंद्रे. बाकी बराचसा भाग कोरडा राहणार, हे इशाऱ्यातच आले. आपण मात्र छत्रपती संभाजीनगरात पाऊस झाला नाही एवढ्यावरून आठही जिल्ह्यांचा निकाल लावून मोकळे झालात.

एप्रिल-मेमध्ये मराठवाडा-विदर्भाच्या सपाटीवर दुपारपर्यंत जमीन भाजून निघते. तशात समुद्राकडून बाष्प आत आले की तिसऱ्या प्रहरी ढग उभे राहणार, हे आदल्या दिवशी सांगता येते. ते कोणाच्या शिवारावर उभे राहतील, हे नाही सांगता येत. असा एकेक ढग तासाभरात वाढतो, बरसतो आणि विरूनही जातो. म्हणून आदल्या दिवशीचा इशारा मोठ्या प्रदेशाला असतो आणि रडारवर ढग दिसू लागले की पुढच्या तीनेक तासांपुरता तातडीचा इशारा निघतो. अमेरिकेतल्या विस्तीर्ण मैदानी राज्यांतही याहून वेगळे काही नाही. तिथे नॉर्मन या गावी वादळांच्या अंदाजासाठी स्वतंत्र केंद्र आहे. आपल्यापासून २५ मैलांच्या आत विध्वंसक वारा किंवा मोठ्या गारा येण्याची शक्यता १५ टक्के झाली, की ते केंद्र धोक्याच्या पाच पायऱ्यांतली दुसरी पायरी जाहीर करते. माझा भाचा ओक्लाहोमात असतो. तो सांगतो, एवढ्या शक्यतेवरही शेजारीपाजारी गाड्या छपराखाली नेतात, आणि गारा पडल्या नाहीत तर बरे झाले म्हणतात.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे त्याला कारण आहे. माझे चुलतभाऊ वसमतकडे हळद करतात. काही वर्षांपूर्वी, शिजवलेली हळद शेतात वाळत घातली असताना, इशारे लागोपाठ कोरडे गेले. एका वर्तमानपत्राने (आपल्या नव्हे) कालच्यासारखाच मथळा दिला. तो पारावर मोठ्याने वाचला गेला. पुढचा इशारा आला तेव्हा दादांनी ताडपत्र्या बाहेर काढल्याच नाहीत. ‘यांचं रोजचंच आहे,’ म्हणाले. चारच्या सुमारास आभाळ भरून आले. धावपळ करून निम्मी हळद झाकली, उरलेली भिजून काळी पडली आणि मातीमोल भावाने गेली. हळदीचे सोडा. ताडपत्री ओढायला गेलेला सालगडी पावसाचा जोर वाढला तसा बांधावरच्या लिंबाखाली थांबला. घर हाकेच्या अंतरावर होते. मी तेराव्याला गेलो तेव्हा ते झाड पाहिले. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हातभर रुंदीची साल सोलून निघाली होती. ‘घरात ये म्हणायचं राहून गेलं,’ हे एकच वाक्य दादा दिवसभर बोलत होते.

पारावर वाचला जाणारा पेपर हा त्या माणसांसाठी मोठा आधार असतो, संपादक महाशय. म्हणून विनंती आहे की, असा इशारा असेल त्या दिवशी जिल्ह्यांची नावे आणि रंग छापून थांबू नये. धोका दुपारी किती वाजल्यापासून आहे ते द्यावे. गडगडाट कानावर आला की वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे, हे दर वेळी छापावे. वाचक कंटाळले तरी छापावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडते आहे का ते दाखवते. ते गावोगावच्या किती फोनांत आहे, याची बातमी आपल्या वार्ताहरांनी करावी.

हा गावाकडचा विषय आहे असे समजणाऱ्या मुंबईकरांना १३ मे २०२४ ची दुपार आठवत असेल. घाटकोपरचे होर्डिंग बेकायदा आणि अवाढव्य होते, त्याचा दोष वाऱ्यावर ढकलता येणार नाही. पण ते कोसळले ते अशाच वादळी वाऱ्यात, आणि १७ माणसे गेली.

आणखी एक. गेले काही महिने आपल्या हवामानाच्या चौकटीत कुलाबा आणि सांताक्रूझचे तापमान तेवढे उरले आहे. भरती-ओहोटीच्या वेळा का काढल्या? त्या जागी आता सोन्याचा भाव असतो, आणि तो आर्थिक पानावरही असतोच. पावसाळा तोंडावर आला आहे. भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला तर पाणी कुठे तुंबणार, हे आम्ही सखल भागातले लोक त्या वेळा पाहून ठरवतो. त्या पहिल्यासारख्या रोज द्याव्यात.

— आपला जुना वाचक, कुर्ला (पश्चिम)