पुस्तके द्या, पण आधी शाळेला फोन करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा, परांडा भागात काय दैना केली ते वाचले. त्या मुलांसाठी पुस्तके गोळा करण्याची हाक ठिकठिकाणी ऐकू येते आहे. ऐकून बरे वाटले, आणि ऑगस्ट २०१९ आठवला.

आम्ही शिरोळ तालुक्यातले. कृष्णा-पंचगंगेचे पाणी दारात आले तेव्हा आधी जनावरे सोडली, मग सासूबाईंना उचलून बाहेर काढले. मुलीचे दप्तर माळ्यावर टाकले होते. पाणी तिथेही पोचले. परत आलो तर पानाला पान चिकटून पुस्तकांच्या विटा झालेल्या. पोरगी दहावीत होती.

आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात. घरातला तांदूळसुद्धा वाहून गेलेला असताना ती कशी घ्यायची?

मदतीच्या गाडीतून पुस्तकांचे गठ्ठे आले. देणाऱ्यांनी मनापासून दिले होते, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण दहावीचा अभ्यासक्रम २०१८ मध्ये बदलला होता आणि गठ्ठ्यातली पुस्तके त्याआधीची होती. बाकी इंग्रजी माध्यमाची गाइडे आणि इंजिनिअरिंगचे ग्रंथ. उर्दू शाळेतल्या पोरांसाठी तर एकही नाही. शाळेच्या खोल्यांत अजून गाळ होता. गठ्ठे ओल्या भिंतीशी राहिले आणि त्यांना बुरशी लागली.

मग एका निवृत्त शिक्षकांनी आमच्या मुख्याध्यापकांना फोन करून इयत्ता, माध्यम आणि मुलांची संख्या विचारून घेतली. आठ दिवसांत दहावीचे नवे संच आले, खाकी कव्हरे घातलेले, सोबत वह्या आणि कंपासपेट्या. त्यातल्याच एका संचावर माझी मुलगी दहावी झाली. त्या सरांना आम्ही अजून पाहिलेले नाही.

गोष्टीच्या पुस्तकांना मात्र अभ्यासक्रमाची अट नाही, ती खुशाल जुनी द्या. छावणीत दिवस जाता जात नाही. मोठी माणसे पाण्याचेच बोलतात आणि लहानगी ते ऐकत बसतात. आमच्या छावणीत कुणीतरी चित्रांच्या गोष्टींची सात-आठ पुस्तके ठेवून गेले होते. सहावीतली एक मुलगी रोज संध्याकाळी ती मोठ्याने वाचायची, आणि आठ दिवस न बोललेला माझा धाकटा तिच्या शेजारी जाऊन बसायला लागला.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे, की पूरग्रस्त गावांतल्या शाळांकडून इयत्ता आणि माध्यमानुसार हव्या असलेल्या पुस्तकांच्या याद्या मागवून छापाव्यात. दहावीच्या मुलांची यादी आधी घ्यावी, फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा त्यांच्यासाठी थांबणार नाही.

– एक पूरग्रस्त आई, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर