नेटफ्लिक्सच्या नावाने आलेल्या मेलविषयी

लीड्स

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेला मेल पाहिला. ‘पैसे जमा झाले नाहीत, २४ तासांत कार्डाची माहिती भरा, अन्यथा सदस्यत्व बंद होईल’ असे बजावणारा हा मेल नेटफ्लिक्सचा नाही. त्यातले लाल बटण दाबण्याआधी मला विचारलेत, हे फार बरे केलेत.

इंग्रजी शुद्ध आणि बोधचिन्ह हुबेहूब असल्यामुळे तो खरा वाटला, असे तुम्ही लिहिले आहे. २०१८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने नेटफ्लिक्सच्या नावाच्या ज्या बनावट मेलबद्दल लोकांना सावध केले, त्याची सुरुवातच ‘हाय डिअर’ अशी विचित्र होती. आता भाषेवरून भामटा ओळखण्याचे दिवस गेले. फोनवर पाठवणाऱ्याचे केवळ नाव दिसते, आणि ते कोणीही काहीही ठेवू शकतो. त्या नावावर बोट ठेवले की खरा पत्ता उघडतो. लिंकचा पत्ता मात्र असा वाचावा: सुरुवातीच्या ‘https://’ नंतर जी पहिली तिरकी रेघ (/) येते, तिच्या लगेच आधी जे नाव असते, ते संकेतस्थळाच्या मालकाचे. त्याच्या डावीकडे ‘नेटफ्लिक्स’ लिहिलेले असले तरी त्याला काही अर्थ नाही. टपालाच्या पत्त्यात घराला कोणतेही नाव दिले तरी पत्र शेवटी लिहिलेल्या गावालाच जाते, तसे हे आहे. पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट करता येतो, म्हणून माझा भर या तपासणीवर फारसा नाही. मेल खरा वाटो वा खोटा, त्यातून कुठेही जायचे नाही; टीव्हीवरचे किंवा फोनमधले ॲप स्वतः उघडून खाते पाहायचे. पैसे खरोखरच थकले असतील तर तेथे ते दिसेलच.

शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना बँकेने ग्राहकाला किमान २४ तास आधी द्यायची असते. ते मेसेज न वाचता पुसून टाकू नका.

काकांना आलेले अँटिव्हायरसचे बिल हा याच जातीचा दुसरा प्रकार आहे, आणि मला तो अधिक घातक वाटतो, कारण त्यात लिंकच नसते. न घेतलेल्या सेवेचे काही हजार रुपये कापल्याचे सांगून, रद्द करण्यासाठी एक फोन नंबर दिलेला असतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलत एनीडेस्कसारखे ॲप घ्यायला लावतो, आणि मग आपला संगणक त्याच्या हातात जातो. काकांनी बँकेचे खातेपुस्तक पाहावे. रक्कम गेलेली नसेल तर रद्द करण्यासारखे काहीच नाही.

कोणी माहिती भरून बसलेच, तर लाज न धरता लगेच कार्ड बंद करावे, पासवर्ड बदलावा, बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर गुन्ह्यांसाठीच्या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून येथे तासातासाला किंमत आहे.

तुमचा मेल मी नेटफ्लिक्सच्या फिशिंगविषयक, म्हणजे अशा फसव्या मेलच्या तक्रारींसाठीच्या, पत्त्यावर पाठवला आहे. इकडे ब्रिटनमध्ये असे मेल सरकारी सायबर सुरक्षा केंद्राकडे पाठवण्याची सोय २०२० पासून आहे. मी ते नेमाने पाठवतो, वैतागाला तेवढीच वाट मिळते. तुमच्याकडची प्रत आता पुसून टाका, आणि काकांनी त्या नंबरावर फोन करण्याआधी त्यांना गाठा.

ती. आईस साष्टांग नमस्कार. कळावे.

आपला,
सुहास