स्नॉर्केलच्या नावाखाली गळका आणि अरुंद नळ विकल्याबद्दल तक्रार

पुणे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : महिंद्रा थार (२०२० नंतरचे मॉडेल, २.२ लिटर डिझेल) साठी विकलेल्या स्नॉर्केल किटमधील दोष, दिशाभूल करणारा दावा आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आम्ही थार चालवणारे आणि आपल्या गाड्यांचे काम स्वतः करणारे काही जण एकत्र येऊन हे पत्र लिहीत आहोत. आमच्यापैकी काहींनी आपले स्नॉर्केल किट (इंजिनाला लागणारी हवा छपराच्या उंचीवरून आणणारा नळ) बसवले, काहींकडे ते अजून खोक्यातच आहे. दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधीने एकच उत्तर दिले : "बसवणाऱ्याची चूक असेल." म्हणून या पत्रातली मापे आणि गळतीची पहिली चाचणी आम्ही न बसवलेल्या किटवर, टेबलावर घेतली आहे. बसवणाऱ्याचा त्यात हात नाही.

आधी मानेबद्दल. स्नॉर्केलचा नळ फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) भोकातून आत जाऊन एअरबॉक्सला, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याला मिळतो, त्या तुकड्याबद्दल आम्ही बोलतो आहोत. खोक्यावर "पूर्ण लांबीत ७६ मिमी मोकळा मार्ग" असे छापले आहे. बाहेरच्या उभ्या अंगाबद्दल आमची तक्रार नाही. त्याचा चौकोनी छेद आतून सुमारे ९५ × ५० मिमी, म्हणजे ४७ चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतो आणि तो पुरेसा आहे. पण मान आतून व्हर्नियरने मोजली तर ५२ मिमी. ७६ मिमी नळाचा छेद ४५ चौरस सेंटीमीटर होतो, ५२ चा जेमतेम २१. निम्म्याहून कमी. टेनिसचा चेंडू ६५ ते ६९ मिमीच्या दरम्यान असतो, तो ७६ मिमीच्या मानेतून सहज घरंगळला पाहिजे. आपल्या मानेच्या तोंडाशीच अडकतो. ज्याच्याकडे व्हर्नियर नाही त्यालाही ही तपासणी दुकानात उभ्याउभ्या करता येते.

याचा परिणाम किती होतो, तेही सांगतो. २१८४ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन ३७५० आरपीएमला टर्बोशिवाय मिनिटाला साधारण ४००० लिटर हवा घेईल. टर्बो आणि इंटरकूलर धरून बाहेरची हवा ७००० लिटरच्या घरात जाते. ही हवा ७६ मिमीतून सेकंदाला सुमारे २६ मीटर वेगाने जाते, ५२ मिमीतून ५५ मीटरने. दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तेवढ्या जागेत तो साडेचार पट होतो. त्याला लागूनच आपण काटकोनी, आतून टोकदार वळण दिले आहे, म्हणजे नुकसान नेमके जिथे जास्त व्हायचे तिथेच. टर्बो डिझेल हे सहन करून घेते, पण फुकट नाही. तेवढाच दाब देण्यासाठी टर्बोला जास्त फिरावे लागते, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि ताम्हिणीसारख्या घाटात भरल्या गाडीने चढताना ओढ कमी पडते. स्नॉर्केल निवडताना सर्वांत अरुंद जागेचे आतले माप हाच पहिला आकडा पाहायचा असतो. आपल्या माहितीपत्रकात तोच आकडा चुकीचा आहे.

दुसरा मुद्दा प्लास्टिकचा. खोक्यावर "यूव्ही-स्थिर एलएलडीपीई, एकसंध रोटोमोल्ड" असे लिहिले आहे. एलएलडीपीई हा पॉलिएथिलीनचाच एक प्रकार. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके असते, घनता ०.९२ ते ०.९५, म्हणून त्याचा तुकडा तरंगतो. एबीएस या दुसऱ्या, कडक प्लास्टिकची घनता १.०४ च्या आसपास, ते बुडते. आपल्या किटच्या मानेतून कापलेला तुकडा बादलीत टाकताच तळाला गेला. अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसल्यावर पृष्ठभाग चिकट झाला. पॉलिएथिलीनला अॅसिटोनने काही होत नाही. शिवाय अंग एकसंध नाही. दोन अर्धे भाग चिकटवलेले आहेत आणि जोड आतल्या, फेंडरकडच्या बाजूला आहे, म्हणजे बसवल्यावर तो कोणालाच दिसणार नाही. मान बुचाने बंद करून, अंग उभे धरून त्यात वरून पाणी भरले. अर्ध्या तासात जोडावर थेंब उभे राहिले. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर एबीएस काही काळाने ठिसूळ होते, आणि झाडाची फांदी आपटली की तडा पहिल्यांदा या जोडालाच जाणार. स्नॉर्केल पॉलिएथिलीनचे का करतात, याचे कारण हेच आहे : ते वाकते, पण फुटत नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट, सांध्यांची. स्नॉर्केल म्हणजे वरचे तोंड सोडून बाकी कुठेही हवा न घेणारा मार्ग. तोंड छपराच्या उंचीवर आणि सांधा बॉनेटखाली गळका असेल, तर इंजिन बॉनेटखालूनच श्वास घेते. बाहेरून गाडी सज्ज दिसते आणि चालक अधिक खोल पाण्यात उतरतो. म्हणून असे किट, स्नॉर्केल अजिबात नसण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे. या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान ५४६ सीसी आहे. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३५ मिलिलिटर, चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. त्याहून जास्त पाणी आत गेले तर ते दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा इंजिनाचा खर्च किटच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

आपल्या किटमध्ये मान आणि एअरबॉक्स यांच्यामध्ये रबरी नळी १५ मिमीच चढते, तिच्यावर ८ मिमी रुंदीची एकच साधी वर्मची (स्क्रूने आवळायची) क्लिप, आणि मानेच्या टोकाला कडही नाही. सूचनापत्रक म्हणते, "सिलिकॉन लावून पक्के करा." आपण म्हणता तसे हे पॉलिएथिलीन असते तर सिलिकॉन त्यावर धरलेच नसते, पापुद्र्यासारखे निघून आले असते. प्रत्यक्षात ते एबीएस आहे, त्यावर सिलिकॉन धरते, पण फेंडर आणि एअरबॉक्स खराब रस्त्यावर एकसारखे हलत नाहीत, आणि लवचिक नळीचे काम सिलिकॉनच्या पातळ थराकडून होत नाही. इथे दोन्ही टोकांना उठावाची कड, निदान ४० मिमी चढणारी ईपीडीएम रबराची किंवा सिलिकॉनची नळी, आणि दोन्हीकडे स्टेनलेसच्या टी-बोल्ट क्लिपा लागतात. एअरबॉक्सच्या तळाची पाण्याच्या निचऱ्याची वाट बंद करा किंवा तिला एकदिशा झडप लावा, याचा पत्रकात उल्लेखही नाही. वरचा नळ कितीही चांगला असला तरी ती वाट उघडी राहिली तर पाणी तिथूनच येईल.

बसवलेल्या गाड्यांवर नेहमीची चाचणी घेतली : इंजिन आयडलवर, कोणीही अॅक्सिलरेटर न दाबता, वरच्या तोंडावर जाड रबराचा सपाट तुकडा धरायचा. सगळे सांधे हवाबंद असतील तर इंजिन काही सेकंदांत गुदमरून बंद पडते. या गाड्या चालूच राहिल्या. मग कमी दाबाने धूर सोडून पाहिला. तो मानेच्या सांध्यातून आणि अंगाच्या जोडातून बाहेर आला. ही चाचणी सूचनापत्रकात शेवटची सक्तीची पायरी म्हणून असायला हवी होती. ती नाही.

वरच्या तोंडात पावसाचे पाणी बाजूला पडून मागच्या फटींतून खाली गळावे, अशी रचना असते. आपल्या तोंडाच्या फटी मोल्डिंगच्या पापुद्र्याने बुजलेल्या आहेत. पातेही न जाणाऱ्या फटीतून पाणी काय जाणार? कोकणातल्या पावसात महामार्गाच्या वेगाने जाताना ते पाणी सरळ कागदी फिल्टरवर येते.

टेम्प्लेटबद्दल, म्हणजे भोके कुठे पाडायची ते दाखवणाऱ्या नमुना-कागदाबद्दल आमचा राग आहे, तो लपवत नाही. फेंडरला पाडलेले भोक सहजासहजी बुजवता येत नाही. तरीही खोक्यात छापील टेम्प्लेट नाही, क्यूआर कोड आहे. त्यातली फाईल चार ए-फोर कागदांवर छापून जोडायची, आणि तिच्यावर माप तपासण्याची १०० मिमीची रेघ नाही. बहुतेक प्रिंटर "पानात बसवा" या पर्यायावर ३ टक्क्यांच्या आसपास आकार घटवतात. ४०० मिमीच्या अंतरात हा फरक १२ मिमी होतो. मग स्टड भोकांशी जुळत नाहीत, ते ओढून बसवले की अंगावर कायमचा ताण राहतो, आणि सहा मिमीच्या स्टडचे पितळी इन्सर्ट उपटतात. तेही मोल्डिंगमध्ये ओतलेले नसून नंतर दाबून घातलेले आहेत. पत्रक म्हणते "घट्ट आवळा". किती, ते नाही. इथे ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरेसे आहेत. कापलेल्या कडेला अर्धगोल कानस मारून, कीस झाडून, झिंक प्रायमरचे दोन हात आणि रबरी कड द्यायची, हेही कुठे नाही. ते केले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात गंज रंगाखाली शिरतो.

उरला आपला ठळक अक्षरांतला दावा : "पाण्यात उतरण्याची क्षमता ६५० वरून १००० मिमी." ६५० मिमी हा थारच्या उत्पादकाने जाहीर केलेला आकडा आहे. स्नॉर्केलने फक्त हवा घेण्याची जागा उंच होते. डिफरन्शियल (चाकांच्या आसावरचा गिअरचा डबा), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर (हवा ये-जा करण्याची छिद्रे), अल्टरनेटर, फ्यूजबॉक्स, कनेक्टर, फॅन हे सगळे जागच्या जागीच राहतात. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढले जाते. ऑइल दुधी होते आणि बेअरिंग जातात. पुण्याच्याच फोर्स मोटर्सच्या 'गुरखा' गाडीला स्नॉर्केल कारखान्यातूनच येते, तरी तिचा जाहीर आकडा ७०० मिमी आहे. आपला हजाराचा आकडा कोणत्या चाचणीतून आला? "आरटीओ मान्य" असेही छापले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील फेरफारांवर स्पष्ट मर्यादा आहेत, त्यामुळे ही मान्यता कोणत्या कागदावर आहे, ते दाखवावे.

आमच्या मागण्या अशा. बसवलेल्या आणि न बसवलेल्या सर्व किटची पूर्ण रक्कम परत मिळावी. जिथे भोक पाडले आहे तिथे फेंडर बदलणे आणि रंगकाम यांचा खर्च आपण द्यावा. १००० मिमीचा आणि "आरटीओ मान्य" हा मजकूर विक्रीच्या सर्व ठिकाणांहून काढावा. आणि सर्वांत तातडीचे : हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला पाऊस सुरू होण्याआधी लेखी कळवावे, की वर दिलेली गुदमरण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय या गाडीने पाण्यात उतरू नये. पहिल्या तीन मागण्यांवर चर्चा होऊ शकते, या चौथीवर नाही. तिच्यात कोणाची तरी गाडी नदीच्या मधोमध बंद पडण्याचा प्रश्न आहे.

मोजमापांची छायाचित्रे, धुराच्या चाचणीचे चित्रीकरण आणि बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कापलेला तुकडा आम्ही जपून ठेवला आहे. आपला अभियंता आला तर त्याच्यासमोर प्रत्येक चाचणी पुन्हा करून दाखवू. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाऊ. त्या कायद्याच्या कलम ८४ मध्ये स्पष्टपणे दिलेल्या हमीशी न जुळणारे उत्पादन आणि अपुऱ्या सूचना या दोन्हींची जबाबदारी उत्पादकावर आहे.

आपले ग्राहक,
थार-मालक, पुणे