ऋणनिर्देशातले यजमान

संपादक महोदय,

'शोधनिबंधात विनोदाला थारा नसतो', असे एका प्राध्यापक महाशयांनी मागच्या आठवड्यात याच सदरात ठणकावून लिहिले. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. पण सीताबर्डीवरच्या टायपिंगच्या दुकानात 32 वर्षे लोकांचे थिसिस टाइप केले, आधी खटखट मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. तेवढ्या भांडवलावर दोन शब्द.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी 1975 साली हेलियम-3 वर एक निबंध लिहिला. लेखक एकटेच, पण मजकुरात जिथे तिथे 'आम्ही'. एका सहकाऱ्याने सावध केले, की 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकाचे लोक एकट्याचे 'आम्ही' चालवून घेणार नाहीत. दिवस टाइपरायटरचे. आज बटण दाबून शब्द बदलतो, तेव्हा सगळी पाने पुन्हा बडवावी लागत. माझी बोटे अजून साक्ष देतील. हेदरिंग्टननी घरच्या चेस्टर नावाच्या मांजरालाच 'एफ. डी. सी. विलार्ड' हे भारदस्त नाव देऊन सहलेखक केले. निबंध छापून आला. पुढे त्याच्या काही प्रतींवर सहीच्या जागी पंजाचा ठसाही उमटला. टायपिस्टचे कष्ट वाचवणारा दुसरा सहलेखक निदान मला तरी भेटला नाही. मराठीत मात्र या मांजराची संधी हुकली असती. आपल्याकडे एकटा माणूसही 'आम्ही' म्हणतो, त्यातून तो गाइड असेल तर बघायलाच नको.

त्याआधी 1974 मध्ये डेनिस अप्पर या मानसशास्त्रज्ञाने, लिहिणे अडले असता स्वतःवर केलेल्या अयशस्वी उपचाराविषयी निबंध दिला. मथळ्याखाली पान कोरे! परीक्षकाने कळवले, की लिंबाचा रस आणि क्ष-किरण लावून तपासले, दोष सापडला नाही. आमचे टायपिंगचे पैसे पानामागे ठरत. या पानाचे काय लावायचे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

ही थट्टा जाणूनबुजून केलेली. खरी करमणूक न ठरवता होते ती. लिखाणातली चोरी पकडणारे सॉफ्टवेअर आले, तसे शब्द बदलून देणारेही आले. मग 'ब्रेस्ट कॅन्सर'चे 'बुझम पेरिल' झाले, म्हणजे उराचे संकट, आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सचे 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट जाणीव. असले शब्द छापील, परीक्षकांच्या हाताखालून गेलेल्या निबंधांत सापडले आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालते. त्यानंतर दुकानात येणारी मुले 'काका, टाइप करा' म्हणेनाशी झाली. 'काका, दहाच्या खाली आणून द्या' म्हणू लागली. मी काय भाजीचा भाव पाडून देणारा आहे?

आणि एक प्रसंग तर विसरताच येत नाही. केमिस्ट्रीचा मुलगा, लग्न व्हायचे होते. काळे बायंडिंग, वर सोनेरी अक्षरे, चार प्रती तयार. गठ्ठा बांधताना सहज ऋणनिर्देशाचे पान उघडले. त्यात 'घरची जबाबदारी हसतमुखाने उचलणाऱ्या' आपल्या यजमानांचे आणि सासूबाईंचे त्याने मनापासून आभार मानले होते! कुणा बाईंच्या जुन्या प्रबंधातून पान जसेच्या तसे आले होते. मुलाने वाचले नव्हते. गाइडची सही झालेली होती. टाइप आमच्याच पोराने केले होते, म्हणजे आम्हीही वाचले नव्हते.

फोन लावला. पलीकडून उत्तर आले, 'काका, राहू द्या ना, कोन वाचून राह्यलं!'

मी चारही प्रती सोडवल्या आणि ते पान बदलले. यजमान गेले, सासूबाई गेल्या. बायंडिंगचे पैसे मात्र पुन्हा घेतले.

आपला,
एक निवृत्त टायपिस्ट
धरमपेठ, नागपूर