सॉफ्ट मार्करला एकाच मापाने तोलू नका

महोदय,

ठाण्यात काय नि वाशी-नेरुळला काय, पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हल्ली एक ओळ हमखास दिसते : ‘बाळाच्या हृदयात चमकदार ठिपका, डाऊन सिंड्रोमचा सॉफ्ट मार्कर, पुढील तपासणी करावी.’ सॉफ्ट मार्कर म्हणजे व्यंग नव्हे, गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता सुचवणारी बारीकशी खूण. किती धोका, कसली तपासणी, हे मात्र लिहिलेले नसते.

हा ठिपका म्हणजे हृदयाच्या झडपेच्या दोऱ्या धरणाऱ्या स्नायूत साचलेला कॅल्शियमचा कण. शंभरात तीन ते पाच गर्भांत तो दिसतो, आशियाई स्त्रियांत जरा जास्तच. हृदयाच्या कामात त्याने काही फरक पडत नाही. तिसऱ्या महिन्यातली डबल मार्कर ही रक्तचाचणी आणि मानेमागचे पाणी मोजणारा एनटी स्कॅन मिळून डाऊनचा धोका 2000त 1 आला असेल, तर निव्वळ ठिपक्यासाठी त्याला साधारण एकने गुणायचे. म्हणजे आकडा तोच राहिला! नाकाचे हाड दिसतच नसेल किंवा फार आखूड असेल, तर गुणक सहाच्या वर जातो आणि 2000त 1चे जवळपास 300त 1 होतात. मानेमागची घडी 6 मि.मी. किंवा त्याहून जाड, मेंदूतली पोकळी 10 मि.मी. किंवा त्याहून रुंद, यांचा गुणक चारच्या आसपास. या सगळ्यांना एकाच दमात ‘सॉफ्ट मार्कर’ म्हणून मोकळे होणे, हीच आमची तक्रार आहे.

मशीनचाही दोष असतो. बाळाचे आतडे हाडाइतके पांढरे (‘इकोजेनिक’) दिसणे हाही एक सॉफ्ट मार्कर. पण गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवून ठेवला की आतडेसुद्धा हाडासारखे पांढरे दिसते. गेन हळूहळू खाली आणावा. शेजारचे कमरेचे हाड पांढरे राहून आतडे करडे पडले, तर ते आतडे ‘इकोजेनिक’ नव्हेच. हाडाच्या जोडीने तेही पांढरेच राहिले, तर मात्र गुणसूत्रांवर थांबू नये. सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग, गर्भजलात झालेला रक्तस्राव, बाळाची खुंटलेली वाढ हेही बघावे लागते. मानेची घडी मोजताना प्रोब तिरका कलला की ती उगाच जाड भरते.

मार्कर दिसला की आधी तिसऱ्या महिन्याचे रिपोर्ट काढा. पुष्कळदा ती फाइल माहेरी राहिलेली असते. मग फोटो मागवून घ्या. डबल मार्कर चांगला आलेला असताना ठिपक्यापायी वर क्वाड्रुपल ही चौथ्या-पाचव्या महिन्यातली रक्तचाचणी करू नये. या प्रत्येक चाचणीत शंभरातल्या सुमारे पाच निरोगी गर्भांवरही ‘हाय रिस्क’चा शिक्का बसतो, आणि दोन चाचण्या केल्या की नसती भीती ओढवण्याची शक्यता वाढते. आधी काहीच झाले नसेल तर एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएची चाचणी), परवडत नसेल तर क्वाड्रुपल. पण एनआयपीटी हे निदान नव्हे. त्यात धोका जास्त आला तर गर्भजल तपासावेच लागते. तातडीचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत मिळतो, सगळ्या गुणसूत्रांच्या तपासणीला, म्हणजे पूर्ण कॅरिओटाइपला, दोन-तीन आठवडे जातात. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतरही 24 आठवडे उलटले की गर्भपाताचे प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जाते. म्हणून बाळातले व्यंग शोधणारा पाचव्या महिन्यातला अॅनोमली स्कॅन 22व्या आठवड्यापर्यंत लांबवू नका, 19व्याच्या सुमारास उरका.

‘मेंदूत सिस्ट’ वाचून तर लोकांना ट्यूमरच आठवतो. मेंदूतले पाणी तयार करणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससची सिस्ट ही नुसती पाण्याची पुटकुळी. तिचा संबंध लावतात तो ट्रायसोमी 18शी (18वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असणे), डाऊनशी नव्हे. बाळाच्या हाताच्या मुठी उघडतात, हृदय नीट आहे, वाढ बरोबर आहे आणि आधीची चाचणीही चांगली आहे, तर तिचा विषय तिथेच संपला. ती गेली का हे बघायला पुन्हा सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही, कारण ट्रायसोमी असलेल्या बाळातही ती बहुधा 28 आठवड्यांपर्यंत विरते. मूत्रपिंडाची पेल्विस (लघवी गोळा होणारी पोकळी) 4 मि.मी. किंवा जास्त भरली असेल, तर मात्र 32व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा मोजून घ्यावी. तीही गुणसूत्रांसाठी नाही, लघवीच्या मार्गात अडथळा आहे का ते कळावे म्हणून.

– दोन सोनोलॉजिस्ट, नौपाडा, ठाणे